दोन ब्रेकची गाडी

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शिकवणाऱ्याच्या. चौदा वर्षं उस्तादताई त्या दुसऱ्या ब्रेकपाशी बसत आली होती. आधी ती सगळ्यांचा नुसताच 'उस्ताद' होती. दोन वर्षांपूर्वी केस वाढवून, कानांत डूल घालून ती कामावर आली, तेव्हा गॅरेजवाला गाडीखालूनच म्हणाला, "मग आता उस्तादताई म्हणायचं का?" तेच नाव पडलं.

माणसं सरावली, पण तिचा आवाज काही तिचं ऐकेना. म्हणून दर मंगळवारी ती आवाज घडवायला शिकवणाऱ्या बाईंकडे जायची. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ धरून बुडबुडे काढत गुणगुणायचं, मग तोच सूर सांभाळत वाक्यं म्हणायची. आठ महिन्यांत "क्लच हळू सोडा" इतकं झकास जमायला लागलं, की फोनवरची अनोळखी माणसं आपणहून मॅडम म्हणू लागली.

घोडं अडलं "ब्रेक!" पाशी. घाईत सूर कोण सांभाळणार? एकदा समोर सायकल आली आणि तिच्या तोंडून जुना, जाडाभरडा आवाज गेला. शिकणारी मुलगी दचकली आणि रस्ता सोडून तिच्याकडेच बघत बसली. तेव्हापासून उस्तादताईने ओरडणंच सोडलं. वेळ आली की ती गुपचूप पाय दाबायची. गाडी थांबायची, अब्रूही झाकली जायची.

मग शिलाईवाल्या काकू आल्या. पन्नाशी उलटलेली, जिभेला धार. एकोणिसाव्या दिवशी गाडीतून उतरताना त्या खुशीत म्हणाल्या, "माझा ब्रेक काय सुंदर लागतो हो! पाय न्यायचं नुसतं मनात आणते, तोवर गाडी उभी!"

उस्तादताईने आपल्या पायाजवळच्या ब्रेककडे पाहिलं. काकूंची लायसन्सची परीक्षा परवावर आली होती. परीक्षेनंतर काकू स्वतःच्या गाडीत बसणार, आणि त्या गाडीला दुसरा ब्रेक नसणार.

त्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी ती बाईंच्या दारात उभी राहिली. "मला ओरडायला शिकवा. आजच्या आज."

"आजच्या आज नाही जमायचं," बाई म्हणाल्या. "पोटातून जोर लावा, घसा मोकळा ठेवा. तरी आवाज खाली घसरेल. घसरू द्या, अजून मुरायचा आहे तो."

"आणि घसरला तो कुणाचा? शिकलेय तो माझा, की जोरात येतो तो?"

"ते मी कसं सांगू?" बाई हसल्या. उस्तादताईला मात्र हसू आलं नाही. घरी जाताना तिने एकच वाक्य दोन्ही आवाजांत पुटपुटून पाहिलं. दोन्ही परके वाटले.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी मोकळ्या मैदानावर नेली, वाटेत जुने टायर उभे मांडले आणि स्वतःच्या सीटवर मांडी घालून बसली.

"हे काय ताई, जेवायला बसलात?" काकू म्हणाल्या.

"आज माझा पाय नाही. मी सांगेन तेव्हाच ब्रेक."

टायर जवळ आले. ती तोंड उघडून बसली, सूर शोधत. काकू आपल्या मजेत चाललेल्या. शेवटी "ब्रेऽऽक!" निघाला, सुरू झाला एका आवाजात, संपला भलत्याच. काकूंनी पाय मारला. धक्का बसला आणि टायर घरंगळत गेला.

"अगंबाई! रोज तर आपोआप थांबायची!"

"रोज मी थांबवत होते. गुपचूप. मला ओरडायची लाज वाटायची, आवाजाची."

काकूंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "म्हणजे एकोणीस दिवस मी नुसतं स्टिअरिंग धरून बसले होते? तुमच्या लाजेपायी मी कुणाला चिरडलं असतं म्हणजे?"

उस्तादताई टायर आणायला खाली उतरली. आताचा आवाज नेमका कसा आला, ते तिला आठवेना.

काकूंनी पदर खोचला. "परीक्षा पुढे ढकला. आणि ओरडायचं तर जरा आधी ओरडा. कसंही चालेल, पण वेळेवर."

टायर पुन्हा मांडून ती सीटवर चढली आणि पाय पोटाशी घेतले. पुढच्या खेपेला कुठला आवाज येणार, तिला काहीच कल्पना नव्हती.

"चला," ती म्हणाली, "पहिला गिअर."