खडूची हळद

घणसोली गावात शाळेच्या एका खोलीत संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. बाक लहान पोरांचे. गुडघे आत जात नाहीत, म्हणून आम्ही सगळे एका अंगावर आडवे बसतो. मी तिसरी अर्ध्यावर सोडून बापाबरोबर मिठागरात गेलो, तरी मला वाचता येत होतं. वाचता म्हणजे दुकानांच्या पाट्या, भाडेकरूंच्या कागदावरचं माझं नाव आणि पेपरातली मोठी अक्षरं. मला वर्गाची गरज नाही, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवून ठेवलं.

गरज वहिनीला होती. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझीही बायको गेली. आमच्या घरांची भिंत एकच, त्यामुळे तिच्या घरात भांडं पडलं तरी मला कळतं. वर्गाचं ऐकून ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, मी एकटी बसनार नाय त्या वर्गान. तुमी चला."

"मी कशाला? मना येतं सगलं."

"येतं तर मागं गप बसा. सोबत तरी व्हईल."

म्हणून गेलो.

बाई तिशीतल्या, कोपरखैरण्याहून यायच्या. मला वाटलेलं, त्या फळ्यावर अक्षरं काढतील, आम्ही गिरवू, संपलं. पण त्यांनी फळ्याला हातच लावला नाही. बाटल्यांची झाकणं, काडेपेट्या, शिंपल्या जमिनीवर ओतल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी मिळून मनातलं गाव बांधा. मग ज्याने जे ठेवलं त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून तिथं लावायचं."

माणसं खाली बसली. मी बाकावरच बसून चुका काढल्या. एकाने विहीर ठेवली, मी म्हटलं तिथे विहीर कधीच नव्हती.

"आजोबा, मनातल्या गावात असू शकते," बाई म्हणाल्या.

"नसलेली विहीर आनायची कुठनं?"

तेवढ्यात वहिनीने एक काडेपेटी उचलली आणि खाडी म्हणून अंथरलेल्या निळ्या कापडाच्या मधोमध ठेवली.

"ये काय?" मी विचारलं.

"माझं घर."

"पान्यान?"

"मंग? मना कोनाची भिंत नको."

सगळी खोली हसली. मी सोडून. भिंत माझी होती ना.

पण खरं सांगायचं तर त्या वर्गात वहिनी निराळीच दिसायची. घरी तिचं बोलणं म्हणजे सुनेला हाक, सुक्या जवळ्याचा भाव, गॅस संपला. वर्गात ती भलतंसलतं बोलायची आणि लोक तोंडाकडे बघत राहायचे. ठेवणीतली लुगडी काढून नेसायला लागली. वाटेत मला म्हणायची, "आज बाई काय खेलवतील वो?" आणि मी म्हणायचो, "पोरखेल हाय सगला."

असंच एका संध्याकाळी बाईंनी डब्यात चिठ्ठ्या घालून आणल्या. आज लग्न लावायचं. ज्याला जी चिठ्ठी येईल तो माणूस त्याने व्हायचं. आधी ठरवलेलं काही बोलायचं नाही, तोंडाला येईल ते बोलायचं. मग आपण काय बोललो ते एकेक वाक्य फळ्यावर लिहायचं. आमच्यात एक वॉचमन होता, सातारकडचा, पलीकडच्या टॉवरच्या गेटवर ड्युटी. माझ्याच वरच्या खोलीत भाड्याने राहतो. त्याला चिठ्ठी आली नवरीची. मिशा एवढ्या मोठ्या. त्याने कोणाची तरी ओढणी डोक्यावरून घेतली आणि लाजून भिंतीकडे तोंड केलं. बायका पोट धरून हसल्या.

मला चिठ्ठी आली नवऱ्याची.

नको म्हणायला पाहिजे होतं. पण नवरी झालेला माझाच भाडेकरू, "मालक, मला पसंत करताय नव्हं?" म्हणून डोळे मिचकावत होता. मागे सरलो असतो तर उद्या गेटवर त्याने सगळ्यांना सांगितलं असतं. मी छाती पुढे काढून पाटावर बसलो. पाट म्हणजे पुठ्ठा. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटत होती.

वहिनीला करवली आली. हळदीच्या ताटाला बाईंनी पिवळे खडू कुटून ठेवले होते. वहिनीने ताट उचललं आणि आमच्या गावच्या हळदीतला ठेका पायाने धरला. तोंडाने नुसतं हुंकारत, कमरेतून हलत, ती माझ्याकडे नाचत आली. माझ्या खऱ्या हळदीला पहिली हळद तिनेच लावली होती. नवी नवी सून होती तेव्हा आमच्या घरची, आणि तेव्हाही अशीच आली होती. भाऊ गेल्यानंतर मात्र घरच्या प्रत्येक हळदीला ती मागच्या पडवीत वडे तळत बसायची. तिला मागे जा असं कोणी सांगितलं नव्हतं. तीच गेली. आणि पुढे ये असंही कोणी म्हटलं नाही.

तिची बोटं पिवळी झाली होती. ती माझ्या गालाजवळ आली आणि मी मान मागे घेतली.

"वहिनी, तुमी नको. सवाशिनीला लावू द्या."

ठेका थांबला. बाईंना आधी वाटलं हे नाटकातलंच आहे. त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "आजोबा, खडू आहे हो."

तिथेच गप बसायला पाहिजे होतं. पण चार लोकांसमोर मागे घेतलेली मान पुढे कशी करायची? मी आवाज चढवला. "खडू असंल नायतर काय असंल. रीत ती रीत. हे तुमच्या सोसायटीतलं लगीन नाय, आमच्या गावचं हाय."

वहिनी हसली. ते हसणं मला पडवीतलं माहीत आहे, कोणी पाहुण्याने विचारलं "तुमी नाय नाचत?" की ती तसं हसते.

"बरोबर बोलतात भाऊजी," ती म्हणाली. "मी इसरलेच."

तिने ताट टेबलावर ठेवलं, बोटं पदराला पुसली, आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली. वॉचमनने ओढणी काढली. लग्न काही लागलं नाही. बाईंनी वाक्यं लिहायला लावली, पण माझं वाक्य फळ्यावर लिहा असं त्या मला म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली नाही. पुढच्याही नाही. बाईंनी विचारलं तर मी म्हटलं ताप आहे. जिन्यात वॉचमन भेटला, तो नेहमीसारखा मालक म्हणाला नाही. "दादा, खडू हुता की ओ," एवढंच बोलून वर गेला. भाडेकरूने मला शिकवावं? रागाने घरात येऊन बसलो, आणि राग कोणावर काढायचा तेच सापडेना. भिंतीपलीकडून काही ऐकू येत नव्हतं. पूर्वी संध्याकाळी ती बाराखडी मोठ्याने म्हणायची, चुकीची, मी इकडून ओरडून दुरुस्त करायचो.

शेवटी एका दुपारी गेलो. ती ओट्यावर जवळा निवडत होती. मला बघून तिने सुनेला पाणी सांगितलं. मी पाहुणा असल्यासारखं.

"बाई विचारत होत्या," मी म्हटलं.

"बाई विचारतात. बरं."

मी खाली बसलो आणि जवळ्यातले खडे वेचायला लागलो. माफी हा शब्द मला लिहिता येतो. तोंडातून कसा काढतात ते कोणत्या वर्गात शिकवतात माहीत नाही.

"भाऊजी," तिने खाली बघतच विचारलं, "तुमची बायको जाऊन किती दिस झालं?"

"तुमाला ठाव नाय काय?"

"तुमी पाटावर बसलात. नवरा झालात. कोन काय बोललं तुमाला?"

माझा हात जवळ्यातच राहिला. पाटावर बसताना मी विधुर आहे हे माझ्या मनातही आलं नव्हतं. पुरुषाला त्याची कोणी आठवण करून देत नाही, म्हणून मला ते विसरावंही लागत नाही. आणि ती बिचारी एका ठेक्यापुरती विसरली होती, तर तेवढं मला सहन झालं नाही.

"मी चुकलो," असं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "उद्या चला. मी पुढं बसेन, तुमी मागं."

"का? मी पुढं बसले तर?"

"बसा की."

"मंग तसं बोला ना." तिने सुपातला जवळा पाखडला. सगळी धूळ माझ्या अंगावर आली, आणि मला वाटतं मुद्दाम आली.

ती आली, पण माझ्याबरोबर नाही. मी पोहोचलो तेव्हा ती सगळ्यात पुढच्या बाकावर बसलेली होती. बाईंनी ताप गेला का विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कोनाला ताप?" मी खिडकीबाहेर बघितलं.

त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना गोल उभं केलं. रिकाम्या हातात एक वस्तू आहे असं धरायचं, शेजाऱ्याला द्यायची, आणि प्रत्येकाने तिचं काहीतरी दुसरं करायचं. वॉचमनने मांजराचं पिल्लू दिलं, पुढच्या बाईने त्याचा गरम तवा केला. असं फिरत फिरत ते वहिनीकडे आलं. तिने ते डोक्यावर घेतलं, मान सांभाळून दोन पावलं चालली, मासळीची पाटी होती ती, कोणालाही कळलं असतं. माझ्यापाशी आली. मी हात पुढे केले.

तिने ती पाटी माझ्या हातात दिली नाही. वाकून, दोन्ही हातांनी, आमच्या मधल्या जमिनीवर ठेवली आणि बाजूला सरली.

"उचला भाऊजी."

सगळे बघत होते. खाली काहीच नव्हतं, नुसती फरशी. मला कधी हे खेळ जमले नाहीत, मी दर वेळी "पुढच्याला द्या" म्हणून सुटायचो. या वेळी मी गुडघ्यावर हात टेकून खाली बसलो आणि दोन्ही हात त्या रिकाम्या जागेखाली घातले.

"काय आहे, आजोबा?" बाईंनी विचारलं.



"जड हाय," मी म्हटलं.

लोक हसले. मी वर बघितलं. वहिनी हसत नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती, मी खरंच उचलतो की खाली टाकतो, एवढंच.