साडेतीन लाखांची गाडी आणि लालसू मिस्त्री

अहेरीहून आलापल्लीकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याच्या छपराखाली लालसू नरोटेचं गॅरेज लागतं. पाटी नाही. पाटी लावून गिऱ्हाईक बोलवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. पंक्चरचं काम त्याची बायको सोमारी बघते, इंजिनाचं तो स्वतः. दोघं आपसात माडियात बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि सिरोंच्याकडचा ट्रकवाला आला तर मोडक्यातोडक्या तेलुगूत.

पण लालसूची खरी ख्याती दुरुस्तीची नाही. जुनी गाडी घेणारा माणूस, मग तो शिक्षक असो की वनरक्षक, व्यवहार पक्का करण्याआधी गाडी त्याच्यापुढं आणून उभी करतो. लालसू ती थंड असताना सुरू करायला लावतो, लांब पेचकस इंजिनाला टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि डोळे मिटून उभा राहतो. मग ‘घ्या’ म्हणतो, नाहीतर ‘नका घेऊ’ म्हणतो. या तपासणीचे तो पैसे घेत नाही, विकणाऱ्याचा चहासुद्धा पीत नाही. यंत्राबद्दल तो कधी खोटं बोलला नाही, आणि या गोष्टीचा त्याला इतका ताठा आहे की कधीकधी ऐकणाऱ्याला रागच यावा.

ताठा उगाच आलेला नव्हता. ज्याला एकदा भर रस्त्यात चोर ठरवलं गेलं, तो पुढं प्रामाणिकपणा जरा जास्तच कडक पाळतो.

एकोणीस वर्षांपूर्वी लालसू बल्लारपूरला भैयाजींच्या गॅरेजात मिस्त्री होता. मालक भैयाजी. त्यांच्या हाताला कधी ऑइल लागलं नाही, पण गल्ल्यावर बसून बोलायला लागले की वाटावं, इंजिनाचा शोध यांच्याच घरी लागला. एके दिवशी ट्रकचा नवाकोरा डिझेल पंप गॅरेजातून नाहीसा झाला. भैयाजींनी विचारपूस केली नाही. कामावर जंगलातून आलेला एकच माणूस होता, त्याच्यावर बोट ठेवून ते मोकळे झाले. गॅरेजसमोर त्याचा शर्ट उतरवला, दोन थोबाडीत दिल्या, त्याच्या खोलीवर माणसं पाठवून भांडीकुंडी रस्त्यावर फेकायला लावली. आठव्या दिवशी ‘पंप भरून दे, नाहीतर पोलिसात देतो’ असं म्हणाले, तेव्हा सोमारीनं गळ्यातली चांदीची सरी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. भैयाजींनी ती हातावर जोखून पाहिली आणि खिशात घातली.

बल्लारपूर-चंद्रपुरात त्यानंतर लालसूला कुणी पान्यालाही हात लावू दिला नाही. नवराबायको अहेरीला आली, शून्यापासून उभी राहिली, पण लालसूच्या मनातून भैयाजी गेले नाहीत. त्याला सूड हवा होता, हे सरळच सांगतो. मारामारी नको होती. भैयाजींनी सोमारीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगावं की लालसू चोर नव्हता, आणि तेही नाक घासत सांगावं, एवढंच त्याला हवं होतं.

गेल्या दिवाळीनंतर भैयाजी आपल्या पायांनी चालत आले.

झालं असं, की खाणीच्या कामावर आलेल्या दिनेश नावाच्या इंजिनियरची बदली झाली. त्याच्याकडं एक बुटकी निळी परदेशी गाडी होती, टर्बो इंजिनची. शून्यापासून शंभरचा वेग सहा सेकंदांत गाठायची म्हणे. आता आमच्या रस्त्यांवर सलग सहा सेकंद खड्ड्यावाचून जात नाहीत, तिथं ती शंभरला कुठून पोचणार? नवी असताना पस्तीस लाखांची ती गाडी दिनेशनं साडेतीन लाखांत काढली. ही खबर भैयाजींना लागली. गॅरेज त्यांनी केव्हाच बंद केलं होतं, त्या जागेच्या गाळ्याचं भाडं खात होते. पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न होतं आणि मांडवापुढं अशा गाडीतून उतरायचं त्यांच्या डोक्यानं घेतलं. पस्तीसची वस्तू साडेतीनला, म्हणजे साडेएकतीस लाख वाचले, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

दिनेश सज्जन माणूस. म्हणाला, आधी मिस्त्रीला दाखवून घ्या. आणि घेऊन आला लालसूकडं.

“अरे, लालसू!” गाडीतून उतरत भैयाजी म्हणाले. “तू इथी हाय का रे?”

सोमारीच्या हातातली ट्यूब पाण्याच्या टपात तशीच राहिली. लालसू बोनेटकडं वळला. या गाडीचं पोट त्याला पाठ होतं, वर्षभर तोच तिच्याखाली निजला होता. टायमिंग चेन ढिली झाली होती. टर्बो डिझेलपेक्षा ऑइलच जास्त पीत होता. गिअरबॉक्स दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना धक्का द्यायचा आणि तळाचं ऑइलचं भांडं दोनदा वेल्डिंग केलेलं होतं. तरी त्यानं पेचकस लावला, डोळे मिटले, सगळं साग्रसंगीत केलं. आणि डोळे मिटल्या मिटल्याच त्याला उमगलं, की या माणसाचा सूड घ्यायला खोटं बोलायची गरजच नाही. भैयाजींना तो पुरता ओळखून होता. आपण ‘घ्या’ म्हटलं तर हा संशयानं मागं फिरेल. खरं सांगितलं तर हमखास घेईल.

“नका घेऊ भैयाजी,” तो म्हणाला. समोरच्या चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल, अशा बेतानं म्हणाला. मग एकेक दोष सांगितला, बोनेट उघडून दाखवला.

भैयाजी हसले. “काऊन? माह्यावर अजून राग हाय? का तुलेच फुकटात पाह्यजे? दुसऱ्याच्या वस्तूवर तुही नजर जाते, मले का माहीत नाई?”

टपरीवरचे दोघेतिघे चुळबुळले. लालसूचे कान तापले, पण आवाज खाली आला नाही. “भैयाजी, सस्ती गाडी घेनं सोपं हाय. पार्ट मात्र पस्तीस लाखवाल्या गाडीचेच लागतेत, ते कोनी सस्तात देत नाई. दुसऱ्यांदा सांगून राह्यलो, नका घेऊ.”

भैयाजींनी तिथंच, त्याच्याकडं बघत बघत, दिनेशला होकार दिला. गाडी धुरळा उडवत गेली आणि लालसू त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

पुढचे पाच महिने त्याच्यासारखा सुखी माणूस तालुक्यात नव्हता. बल्लारपूरकडून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला तो बसवून घ्यायचा, चहा पाजायचा आणि भैयाजींच्या गाडीची हालहवाल विचारायचा. ट्रकवालेही चहाच्या आशेनं तिखटमीठ लावून सांगायचे. चार टायर बदलले, ते मुंबईहून मागवावे लागले. पुढचा दिवा फुटला, तेवढ्या पैशात इथं जुनी मोटारसायकल आली असती. लग्नात मांडवापासून दोनशे पावलांवर गाडी बंद पडली आणि फेटे बांधलेल्या वऱ्हाड्यांनी ती ढकलत नेली, भैयाजी आत बसलेले! ही हकिगत लालसूनं तीन वेगवेगळ्या ट्रकवाल्यांकडून तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा मांडीवर थाप मारून हसला.

“तुले दुसरं काम नाई का?” सोमारी ट्रकवाल्यांसमोर मराठीतच म्हणायची. पण तीही ऐकत असायची. सरीची जागा तिच्या गळ्याला अजून ठाऊक होती.

एप्रिलच्या उन्हात एक टेम्पो गॅरेजसमोर थांबला. वर दोरखंडांनी बांधलेली निळी गाडी, आणि ड्रायव्हरशेजारी भैयाजी. गाल बसलेले, शर्टाची कॉलर ढगळ झालेली. चंद्रपुरात त्या गाडीला कुणी हात लावेना आणि नागपूरच्या वर्कशॉपनं गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च सांगितला होता.

“लालसूभाऊ,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला भाऊ म्हटलं. “तू खरं सांगतलं होतं. मीच आयकलं नाई. आता तूच पाह्य.”

लालसू हात पुसत उभा राहिला. एकोणीस वर्षं घोकलेलं वाक्य त्यानं शांतपणे म्हटलं. “गाडी मंग पाह्यतो. आधी इले सांगा, पंप कोनं नेला होता.”

भैयाजींनी टेम्पोवाल्याकडं पाहिलं, टपरीकडं पाहिलं. मग मान खाली घालून सोमारीपुढं गेले. “बाई, तुह्या नवऱ्यानं नाई नेला. माह्या साळ्यानं नेला होता. लोकेश नाव त्याचं. गडचांदूरले विकला.”

लालसूला वाटलं, आता छातीवरचं ओझं उतरेल. उतरतही होतं. तेवढ्यात सोमारीनं विचारलं, “तुमाले कवा समजलं?”

खोटं बोलायचं त्राण भैयाजींच्यात उरलं नसावं. “तिसऱ्या दिवशी.”

सोमारीनं बोटं मोजली नाहीत, पण लालसूनं मोजली. सरी दिली ती आठव्या दिवशी. म्हणजे हा माणूस चुकला नव्हता. लालसू चोर नाही हे माहीत असताना यानं सरी हातावर जोखली, खिशात घातली, आणि पुढं गावभर त्याला चोर म्हणत फिरला. इतकी वर्षं लालसू ज्याचा राग करत होता तो एक उर्मट, घाईचा माणूस होता. समोर उभा होता तो दुसराच कुणी होता. लालसूचा उतरत आलेला राग दुपटीनं वर चढला.

तरी त्यानं टेम्पोवर चढून गाडी पाहिली. चेन सुटली होती, वाल्व वाकले होते. ते बदलले तरी गिअरबॉक्स पावसाळ्याआधी जाणार आणि त्यामागोमाग टर्बो. खरं उत्तर एकच होतं, मोडीत काढा. पार्ट सुटे करून विकले तर दीडेक लाख हाती येतील आणि हा भोग इथंच संपेल.

“सांग,” भैयाजी खालून म्हणाले. “मोडीत देऊ का ठेवू? लोक म्हनतेत, तुहा शब्द खोटा पडत नाई. ठेवाचं असन तर मले गाळा विकावा लागते. घर गाडीपायी गहान पडलं, तेवढंच राह्यलं हाय माह्यापाशी. तू म्हनशील तसं करतो.”

ज्याला खरं सांगून बुडवलं, तो आता त्याच्या शब्दावर डोळे मिटून विसंबायला आला होता. लालसूनं पेचकस काढलाच नाही. बंद इंजिनाला काय लावणार?

“ठेवा,” तो म्हणाला. “इंजिन तेवढं बनवून घ्या. बाकी गाडी मजबूत हाय. दहा साल पाह्याचं काम नाई.”

भैयाजींनी त्याचे हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणलं आणि टेम्पो नागपूरच्या दिशेनं वळवायला सांगितला. सोमारी सगळं ऐकत होती. सतरा वर्षं त्या छपराखाली बसून इंजिनातलं तिलाही कळायला लागलं होतं. तिनं टपातून ट्यूब काढली, बुडबुडा कुठून येतो ते पुन्हा पाहू लागली.

गाळा विकल्याची बातमी बारा दिवसांत आली, गिअरबॉक्स गेल्याची जूनच्या पहिल्या आठवड्यात. लालसू हसला. खरंच हसला, मी काही त्याला साधू बनवणार नाही. भैयाजी आता भाड्याच्या खोलीत राहतात हे ऐकून त्याला गार वाटलं, आणि कुणी विचारलं असतं तर त्यानं पुन्हा तेच केलं असतं.

त्याच आठवड्यात उपकेंद्रातली नर्स रंजीता एक जुनी पांढरी छोटी गाडी घेऊन आली. गावोगाव फिरायला तिला गाडी लागणार होती आणि साठवलेलं सगळं ती त्यात घालणार होती. लालसूनं पेचकस लावला, कान दिला. गाडी चांगली होती, इंजिन स्वच्छ बोलत होतं.

“घ्या ताई,” तो म्हणाला. “बिनधास्त घ्या.”

रंजीता खूश झाली, चावी पर्समध्ये टाकली. तेव्हा पंक्चरच्या टपाशी बसलेली सोमारी मान वर न करता म्हणाली, “ताई, एक डाव आलापल्लीच्या मिस्त्रीलेही दाखवून घ्या.”

रंजीताला ती थट्टा वाटली. “अवं, तुह्या घरच्या मिस्त्रीनं सांगतल्यावर अजून कोनाले दाखवू?”

सोमारी हसली नाही. “दाखवून घ्या,” ती पुन्हा म्हणाली.

रंजीतानं लालसूकडं पाहिलं. लालसूनं पेचकस पुसला, खोक्यात ठेवला आणि म्हणाला, “हो, दाखवून घ्या.”