दाट लावलेले पाइन

निवृत्तीनंतर भावजींनी राणीखेतला घर बांधलं आणि मागच्या उतारावर पाइनची रोपं लावली, अगदी खेटून. "रान लवकर दिसायला हवं," म्हणाले. ते दिसण्याआधीच भावजी गेले.

परवा धुक्यात मी ताईबरोबर त्या उतारावर उभा होतो. झाडं उजेडासाठी नुसती वर गेलेली, काठीसारखी, खोडात जोर नसलेली. पायाशी झुडपं माजली होती आणि त्यांच्यात सापडलेली काही रोपं गुडघ्याएवढीच राहिली होती. कडेला, मोकळ्या जागेतलं एकच झाड भरदार होतं.

वनखात्यातल्या शेजाऱ्यांनी ताईला कधीच सांगितलं होतं, की झुडपं साफ करा, निम्मी झाडं काढा, तरच उरलेली जोम धरतील.

"थोडी तरी काढू या का, ताई?" मी विचारलं.

"कुठली काढू, सांग ना. प्रत्येक रोप त्यांच्या हातचं आहे."

एकाला मिळालेली जागा दुसऱ्याची गेलेली असते, हे मनात आलं. पण ते तिला कसं म्हणणार?

आम्ही आत शिरलो. मधली बरीच झाडं उभ्या उभ्या वाळली होती. एकाला हात लावला तर साल गळून पडली. मी दचकून ताईकडे पाहिलं.

"मला माहीत आहे रे," ती म्हणाली. "रोज बघते. निदान मला निवडावं तरी लागलं नाही."

मग ती खाली वाकली आणि संध्याकाळच्या शेगडीसाठी वाळक्या फांद्या गोळा करू लागली.