जुनं सोबत आण

आमच्या घरमालकांइतका वेळ लावून खरेदी करणारा माणूस अख्ख्या नागपूर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो दुकानात त्यांच्याच मागे ताटकळत उभा असेल. बुटीबोरीला त्यांच्या अंगणातल्या खोलीत मी पाच वर्षं काढली. मी मूळचा तिकडे चंदगडकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. एका सूतगिरणीच्या आवारात माळीकाम मिळालं म्हणून एवढ्या लांब आलो. स्वभाव असा, की फोन वाजला तरी आधी आपलं काय चुकलं ते आठवायला लागतो. खोली नवीच बांधलेली होती, तिच्यात आधी कुणी भाडेकरू राहिलेला नव्हता, म्हणून काकांनी मला बघताक्षणी ठेवून घेतलं. हे केवढं नशीब होतं ते मला फार उशिरा कळलं. कारण काका कुठलीही नवी वस्तू जुनीशी ताडून पाहिल्याशिवाय घेतच नाहीत.

"जुनं सोबत आन. डोक्यातलं माप खोटं बोलते गा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकूंसाठी चप्पल आणायची, तर काकूंच्या पायातली काढून पिशवीत घालून घेऊन गेले आणि काकू दिवसभर अनवाणी. कुकरची रिंग आणायला अख्खा कुकर नेला. दुकानदाराने झाकण उघडलं तर आत गरम वरण. संत्र्यांच्या दिवसांत ते गेल्या आठवड्यातलं एक संत्रं मुद्दाम शिल्लक ठेवतात आणि बाजारात नव्या ढिगाशेजारी धरून भाजीवालीला दाखवतात, "याच्यासारखे दे वं माय." माझा बँकेचा फॉर्मही त्यांनीच भरून दिला. मला असल्या कागदांची भीती वाटते हे त्यांनी न सांगता ओळखलं. फक्त तो त्यांनी स्वतःच्या जुन्या फॉर्मवरून बघून भरला, त्यामुळे मी बँकेत बरेच महिने एकसष्ट वर्षांचा होतो.

या माणसाशी माझी खरी गाठ पडली ती गवत कापायच्या मशीनमुळे. ही मशीन खांद्याला अडकवायची असते. लांब दांडी, आणि खालच्या टोकाला नायलॉनची तार गुंडाळलेली एक काळी गोल डबी. दुकानात तिला हेड म्हणतात, आम्ही माळी लोक मुंडी म्हणतो. एका शुक्रवारी मागच्या भिंतीजवळच्या उंच गवतात दगड होता आणि मुंडीचे दोन तुकडे झाले. सोमवारी कंपनीत पाहुणे येणार होते. सुपरवायझर साहेबांनी महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, "आता काही तोडलंस तर गावाकडची गाडी पकड." नोकरी गेली असती तर आईला काय सांगणार होतो? मी इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही तुकडे भिंतीपलीकडच्या नाल्यात भिरकावून दिले. गुपचूप नवी आणून लावू म्हटलं.

सुट्टी झाल्यावर नागपुरात कॉटन मार्केटकडे औजारांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नऊ मुंड्या मांडल्या. सगळ्या काळ्या, सगळ्या गोल, सख्ख्या बहिणींसारख्या. "बोल्टावरचे आटे उलटे की सुलटे? आठचा बोल्ट की दहाचा?" त्याने विचारलं. मला शाळेतली तोंडी परीक्षा आठवली. तेव्हा करायचो तेच केलं, मधली एक दाखवली. कंपनीत परत येऊन लावून पाहिली, तर अर्थात ती मशीनवर बसली नाही.

घरी येऊन काकांना सगळं सांगितलं.

"जुनं कुठं हाये?"

"फेकलं."

"फेकलं?" मी एखादं माणूस फेकून आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून फेकलं गा?"

"भीती वाटली."

ते आतून दोन चष्मे घेऊन आले. मग म्हणाले, "सकाळी नाल्यावर जाऊ. चष्मा कोनता घालू, जवळचा की दूरचा?"

शनिवारी सकाळी काका पँट गुडघ्यापर्यंत वर करून नाल्यात आणि मी त्यांच्या मागे. त्यांनी सीताफळं काढायची आकडी आणली होती. अर्ध्या तासात एक तुटकी बादली, एक पायमोजा आणि एक मुंडी निघाली. ती मी फेकलेली नव्हती. "तुझ्याआधी बी कोनी भिलं होतं वाटते," काका म्हणाले. शेवटी आमचा वरचा तुकडा मिळाला, बोल्टासकट. काकांनी तो उंच धरला, आणि नेमके भिंतीवरून सुपरवायझर साहेब डोकावले.

"काय चाललंय तिथे?"

मी खाली वाकून पायमोजा बादलीत भरायला लागलो. काका मात्र पोस्टमनला पत्ता सांगावा तसं सांगायला लागले, "हे याच्या हातून तुटलं साहेब. तुमच्या भीतीनं यानं फेकलं. नवं आनाले नमुना पाह्यजे, म्हनून पाहून राहिलो."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. "तुटल्याचं काही नाही, लपवल्याचा राग येतो. संध्याकाळपर्यंत मशीन चालू दिसली पाहिजे. नाहीतर सोमवारपासून येऊ नको."

मग स्कूटरवरून पुन्हा ते दुकान. काकांनी एक नट मागून घेतला. जुन्या तुकड्याच्या बोल्टावर फिरवला तर तो उलट्या बाजूने चढला. "पाह, उलटे आटे. मशीन फिरता फिरता ढिली नाही पडाची." तोच नट घेऊन ते, मी परत आणलेली धरून, नऊ मुंड्यांच्या दारोदार हिंडले. चार सुलट्या निघाल्या. दोन ठिकाणी नट सैल. एकीची बैठक खोल. एकीत तारेचं भोक बारीक. घड्याळात तीन वाजले. माझा जीव काट्यावर होता.

"काकाजी, पोरीसाठी स्थळ पाहून राहिले का?" दुकानदार वैतागला.

"माहं स्थळ तं मी पाच मिनिटांत पसंत केलं होतं बापा. तेव्हापासूनच पक्कं पाहाची सवय लागली." आणि नववी उचलली. "हे."

पाचला मशीन सुरू झाली. काका फाटकाबाहेर दगडावर बसून शेवटचं गवत कापून होईस्तोवर आवाज ऐकत होते. साहेब भिंतीपर्यंत आले, मशीनकडे पाहिलं, मान हलवली आणि गेले. सोमवारी मी कामावर होतो. दोन वर्षांनी मला कायम केलं, बायको गावाहून आली, आणि ती एक खोली आम्हाला अपुरी पडायला लागली. त्याच नोकरीने मला काकांकडून उठवलं. दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं.

खोली रिकामी झाल्यावर पहिल्याच रविवारी काकांचा निरोप आला, "येऊन जा, भाडेकरू पाहाचा हाये." मला वाटलं, खोली दाखवायला असेल. गेलो तर त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि शेजारी त्या नव्या पोराला. चष्मा लावून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नमुना होतो.

"काही तुटलं तं सांगशीन का लपवशीन?" त्यांनी पोराला विचारलं.

"सांगीन काका, लगेच सांगीन."

काकांनी खेदाने मान हलवली. तो गेल्यावर म्हणाले, "पोरगं चांगलं हाये. पन आटे जुळत नाहीत."

असे आजवर सात-आठ जण झाले. "नमुना घरी पाठवा आता, त्याची बायको वाट पाहून राहिली," काकू आतून ओरडतात. चहा होतो. उठताना माझी नजर त्या खोलीच्या दाराकडे जाते. तिथल्या खिळ्याला काकांनी तेव्हा अडकवलेला तो नाल्यातला तुकडा अजून टांगलेला आहे. काका फाटकापर्यंत येतात आणि कडी लावता लावता विचारतात, "पुढच्या रविवारी येशीन ना गा? तुह्याशिवाय कसं पाहू?"

खोली रिकामीच आहे. मी येतो म्हणतो.