चन्नप्पा वाण्याचं अडलेलं लगीन

केजच्या बाजारात चन्नप्पा वाण्याची जीभ कधी थांबली नाही. गूळ तोलता तोलता गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या काढील. पण स्वतःच्या देहाचं काही सांगायचं म्हटलं, की गड्यानं मूग गिळलेच! साठी उलटली तशी त्याची लघवी अडायला लागली. दुकानामागं बिचारा ताटकळायचा, कुंथायचा आणि थेंबावर समाधान मानून गादीवर परत यायचा. बायकोला, नीलम्माला, एका शब्दानं सांगेल तर शपथ.

अशात गावात हैदराबादेचे एक डाक्टरसाब आले. भारी शिकलेले, बोलणं सगळं उर्दूत, मराठी कानावर पडली तेवढीच. चन्नप्पा गेला. भोवती माणसं बसलेली. उपरण्याआडून तो पुटपुटला, "साब, लगवी अडलीय."

डाक्टरसाबांनी ऐकलं, लगीन अडलंय.

"इस उमर में लगीन? वाह!" साहेब खूश झाले. म्हाताऱ्या नवरदेवाला जोम हवाय, असं त्यांनी धरलं. तपासायचं? छे! हैदराबादेत त्यांनी पांढरे उंदीर पाळले होते. खच्ची केलेला उंदीर कसा मलूल होतो, त्याच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली गाठ कशी वाळते, अन् नराच्या अंडातलं सत्त्व टोचलं की तीच गाठ फुगून उंदीर कसा उड्या मारतो, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. चन्नप्पाला एवढंच कळलं, की उंदीर बरा झाला. उंदराला मानवलं ते वाण्याला का मानवू नये? त्यानं दंड पुढं केला.

अंगात काय तरतरी आली म्हणता! मिशीला पीळ बसला, दुकानात गाणं सुरू झालं. "अवो, ह्या वयात ही थेरं कावून?" नीलम्मा म्हणायची. लघवी मात्र जास्तच तुंबत चालली. दवा भिनतेय, असं चन्नप्पा मनाशी म्हणे. वा रे शहाण्या! सुया चालूच.

ऐन बाजाराच्या दिवशी थेंबसुद्धा येईना. पोट टम्म फुगलं, गडी गडाबडा लोळायला लागला. नीलम्मानं त्याला बैलगाडीत घालून दवाखाना गाठला.

"लगीन पक्का हुआ?" डाक्टरसाबांनी हसून विचारलं.

"कुणाचं लगीन?" नीलम्मा कडाडली. "आमच्या लगनाला नातवंडं झाली! लगवी अडलीय ह्यांची, लगवी!"

साहेबांचा चेहरा उतरला. घाईघाईनं त्यांनी नळी घातली. पाणी मोकळं झालं तसा चन्नप्पा लेकरासारखा रडला. मग साहेबांनी खालमानेनं कबूल केलं, की चन्नप्पाची मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ती गाठ आधीच वाढलेली होती, सुयांनी आणखी फुगली. आता ती आकसायची तर त्या खच्ची उंदराचीच वाट धरावी लागेल. नाहीतर पुन्हा अडेल आणि जिवावर बेतेल.

चन्नप्पा पांढराफटक पडला. "नीलम्मा, मग मी बाप्या ऱ्हाईन का गं?"

नीलम्मानं पदरानं त्याचं कपाळ पुसलं.

"बाप्ये गावात लई हायत. नवरा मला एकच हाय," ती म्हणाली. "कापा, साब."