बसव्वाची साक्ष

उत्तरेश्वर पेठेत बसव्वाचा मिरची कांडायचा डंक होता. नवरा गेल्यावर तिनं तो एकटीनं चालवला. या धंद्यात गिऱ्हाईक टिकत नाही. बायका डबा ठेवतात, दोन शिंका देतात आणि पळतात. त्या खकाण्यात गप्पा मारायला कोण थांबणार? मूलबाळ नाही. दिराची माणसं संकेश्वरला, त्यांच्याकडून लग्नाची पत्रिका यायची तेवढीच.

थांबायचा तो एकच, पिग्मीवाला महांतेश. एका पतसंस्थेसाठी दुकानोदुकानी फिरून तो रोजचे पैसे गोळा करी. १९९५ पासून रोज संध्याकाळी नाकाला रुमाल लावून यायचा आणि पोत्यावर टेकायचा. बसव्वा पन्नासची नोट द्यायची. तो तिच्या पुस्तकात आकडा लिहून पावती फाडायचा. पुढं ती त्याला भाकरी वाढू लागली आणि तो तिला ‘अव्वा’ म्हणू लागला. आईला त्यांच्या घरात कानडीतून तसंच म्हणत.

सहा महिन्यांनी तो म्हणाला, "अव्वा, पावतीबुक संपलंय. पुस्तकात लिवलंय की."

बसव्वानं मान डोलावली आणि पुन्हा कधी पावती मागितली नाही. आपल्या चुलीपुढं जेवणाऱ्याकडं पावती मागणं तिला भाकऱ्या मोजून वाढण्यासारखं वाटलं. मूर्खपणा? होताच. पण वर्षानुवर्षं एकटीनं जेवून बघा, मग बोला.

१९९८ साली डंकाची मोटर जळाली, म्हणून ती पैसे काढायला गेली. पुस्तकात बावन्न हजार, संस्थेच्या खात्यात सात हजार. बाकीचे महांतेशनं मटक्यात घातले होते. त्याच्याकडून काय वसूल होणार, अंगातला शर्ट?

मॅनेजरनं हात झटकले. "मावशी, तो आमचा नोकर न्हाय. कमिशनवरचा माणूस. त्यालाच धरा."

क्रांती घाटगे नावाच्या वकीलबाई मात्र उसळल्या. "त्याच्या गळ्यातलं कार्ड संस्थेचं, पुस्तक यांचं, शिक्का यांचा! यांच्या नावानं त्यानं पैसे घेतले ना? मग यांनीच भरायचे." त्यांनी ग्राहक मंचात दावा लावला. तारखांवर तारखा पडल्या. साक्षीला २००१ उजाडलं.

संस्थेचा वकील गोड हसत उठला.

"आक्का, हा महांतेश तुम्हाला काय म्हणायचा?"

"अव्वा."

"म्हणजे आई. जेवायचा तुमच्याकडं?"

"व्हय."

"मग आईनं पोराला पैसे दिले, पावतीबिवती न घेता. घरचा मामला झाला की! संस्था कुठं आली त्यात?"

वकीलबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, पोरगा मानून पैसे दिले का असं विचारतील, तिथं एकदा ‘व्हय’ म्हणालात की दावा बुडाला. मागं दाराशी जामिनावर सुटलेला महांतेश उभा होता, गालफडं बसलेला. इतका वेळ खाली असलेली मान त्यानं आता वर केली होती. बसव्वानं ते पाहिलं, पदर खोचला.

"न्हाय. त्यो माझा कोण न्हवता. गळ्यात तुमचं कार्ड हुतं म्हणून पैसं दिलं. दुसरा कोण बी आला असता तरी दिलं असतं."

"आणि भाकरी?"

"दारात आल्याल्या पावण्याला बी घालतोय की आमी!"

लोक हसले. हसणं थांबेपर्यंत महांतेश निघून गेला होता.

निकाल तिच्या बाजूनं लागला. संस्थेनं व्याजासकट रक्कम भरायची. वकीलबाईंनी पेढ्यांचा पुडा हातात दिला. तो घरी नेऊन बसव्वानं आठ दिवस एकटीनं संपवला.

पैसे आले, तशी ती ते ठेवीत ठेवायला मोठ्या बँकेत गेली. खिडकीतला कारकून फॉर्म भरत होता.

"वारसाचं नाव सांगा."

बसव्वानं पिशवीचं तोंड आवळलं.

"सांगा की आक्का! एवढं आयुष्य काढलं, एक नाव न्हाय?"

बसव्वानं फॉर्मकडं पाहिलं. रांगेतलं कुणीतरी खाकरलं.

"मोकळंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माणसं खोळंबल्यात."