कॉम्प्युटर बसवताना बसलेले धक्के

मशीन जोडून झालं की एक-दोन स्क्रू हातात उरतातच. टाकवत नाहीत, म्हणून बॅगेच्या तळाशी जातात. किस्स्यांचंही तसंच होतं. शेवगावात राहून आसपासच्या गावांत कॉम्प्युटर बसवून द्यायला लागले त्याला आता पंधराएक वर्षं झाली. आधी नुसती हौस होती, नंतर तोच धंदा झाला. मैत्रिणी चहाला जमल्या की विचारतात, "या आठवड्यात कुणी हादरवलं गं तुला?" आणि कुणीतरी हादरवलेलं असतंच.

*

अगदी सुरुवातीची गोष्ट. बाजारात एका धान्याच्या अडतीवर कॉम्प्युटर बसवायचा होता. फोनवर बोलणं माझ्या नवऱ्याशी झालेलं. मी रिक्षातून खोकी उतरवली, आत नेली. शेठ गादीवर बसून बघत होते. मी कॅबिनेट उघडून रॅम लावली, वायरी जोडल्या, विंडोज टाकलं, प्रिंटर जोडला. तीन तास गेले. मराठीत दुकानाचं नाव छापून कागद त्यांच्या हातात दिला. शेठनी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. खूश झाले. माझ्यासाठी चहा मागवला.

चहा संपल्यावर म्हणाले, "छान केलंत ताई. आता तेवढा मिस्तरी आला म्हंजे चालू करून घेऊ."

*

राहात्याकडच्या एका बी-बियाणांच्या दुकानात मला खराखुरा धक्का बसला. जुन्या मशीनला नवीन हार्ड डिस्क लावायची होती. चपला दाराशी काढून मी आत गेले आणि कॅबिनेटला हात लावला, तर करंट पार खांद्यापर्यंत गेला. मी मागं जाऊन खताच्या पोत्यावर बसले. खरं तर आदळलेच.

मालक धावत आले. "ताई, चपला का काढल्या? आमी सगळे चपला घालूनच टायपिंग करतो."

मी पाहिलं तर टेबलाखाली लाकडी फळी टाकलेली होती आणि कामाला असलेली मुलगी पाय वर घेऊन बसली होती.

"किती दिवस असं चाललंय?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. आमाला वाटलं, कॉम्प्युटर म्हंजे तेवढा करंट असनारच."

दुकानाला अर्थिंगच नव्हतं. वायरमनला बोलावून मागं खड्डा खणून घेतला, मीठ-कोळसा भरला, तार पुरली. डिस्क लावून दिली. आठवड्याभरानं मालकांचा फोन आला. आवाज पडलेला.

"ताई, मशीन कमजोर झालंय का बघा जरा. हात लावला तर काहीच लागत न्हाई."

*

शनीच्या शिंगणापुरात पूजेच्या साहित्याचं एक दुकान आहे. तिथल्या काकांना नवीन कॉम्प्युटर बसवून दिला आणि मी सवयीनं विचारलं, "काका, पासवर्ड काय ठेवायचा?"

काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी त्यांचा अपमानच केला.

"ताई, माझ्या घराला दार न्हाई. आज्याच्या घरालाबी नव्हतं. आन ह्याला कुलूप लावू?"

मी समजावलं. त्यात गिऱ्हाइकांचे फोन नंबर असतात, कुणीही उघडेल, बाहेरून कुणी घुसेल. काकांना ते फारसं पटलं नाही. शेवटी म्हणाले, "ठेवा मग. तुमचा बी मान राहू द्या."

पासवर्ड ठेवला. पंधरा दिवसांनी प्रिंटरसाठी परत गेले, तर दुकानाच्या पाटीखाली, तेलाच्या आणि फुलांच्या नावांशेजारी, पेंटरकडून पासवर्ड रंगवून घेतलेला होता. ठळक लाल अक्षरात.

*

एका वस्तीवरच्या शाळेत सहा जुन्या मशीनमध्ये नवीन एसएसडी डिस्क टाकायच्या होत्या. सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडलेली. मुख्याध्यापिका बाई आणि दत्तूमामा शिपाई माझ्याबरोबर खोलीत होते. पहिल्याच कॅबिनेटचं झाकण सरकवलं. पंख्यापासून पार पुढच्या कोपऱ्यापर्यंत सापाची कात. अखंड, दीड हात लांब. मागच्या एका फटीची पट्टी निघालेली होती, तिथून आत आला असणार.

बाई कधी बाकावर चढल्या ते त्यांनाही कळलं नाही. वरूनच म्हणाल्या, "कात आहे म्हणजे साप गेला. हो ना मामा?"

दत्तूमामांनी कात दोन बोटांनी उचलून नीट पाहिली. "व्हय, गेला की."

आम्ही दोघींनी श्वास सोडला.

"पर लांब न्हाई गेला," मामा म्हणाले. "ओली हाय अजून." मग राहिलेल्या पाच कॅबिनेटकडं बघून त्यांनी मला विचारलं, "आता कोनतं उघडता?"

ती पाचही मशीन मी पटांगणात नेऊन उघडली. साप निघाला नाही. आता वाटतं, निघाला असता तर बरं झालं असतं. त्या खोलीत मी अजून खाली पाय टेकवत नाही.

*

आणि गुरुजींचं घर.

पाथर्डी रस्त्याला एक निवृत्त गुरुजी राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. मुलगी पुण्याला असते. तिनं लॅपटॉप आणि स्कॅनर पाठवला होता, मी त्यात मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवायला गेले होते. छापील कागद स्कॅनरवर ठेवला की मशीन मोठ्यानं वाचतं. पहिल्यांदा वर्तमानपत्र ठेवलं. तालुक्याची बातमी खड्या आवाजात सुरू झाली आणि गुरुजींनी काठी बाजूला ठेवली. "परत लाव," म्हणाले. तीच बातमी तीन वेळा ऐकली. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही.

थोड्या वेळानं शेजारचे आले आणि त्यांचा हात धरून गुरुजी दाढी करायला गेले. ते वळणाआड गेल्यावर काकू आत गेल्या आणि एक जुनं आंतरदेशीय पत्र घेऊन आल्या. घड्यांवर विरलेलं.

"हे वाचंल का ते?"

"हाताचं अक्षर आहे काकू. सांगता येत नाही. मी वाचू का?"

"तू नको." त्या पटकन म्हणाल्या. मग माझ्या दंडाला हात लावला. "रागावू नको पोरी. मान्सानं वाचलं की ते त्याच्या मनात राहतंय. ह्याला मन न्हाई."

पत्र त्यांच्या भावाचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी आलेलं. भाऊही आता नाही. "आलं तवा ह्यांनीच वाचून दाखवलं हुतं," काकू म्हणाल्या. "चार ओळीत संपलं. आन बघ, कागद तर दोन्ही बाजूंनी भरलाय."

या सॉफ्टवेअरमध्ये पडदा काळा ठेवायची सोय असते. मी तो काळा केला, पत्राकडं न बघता त्याच्या दोन्ही बाजू स्कॅन करून घेतल्या, काकूंच्या कानाला हेडफोन लावले आणि बटण दाबून खिडकीशी जाऊन उभी राहिले. अक्षर वळणदार असावं, कारण मशीन थांबलं नाही.

काकूंनी एकदा ऐकलं. बोटानं खूण केली, परत लाव. दुसऱ्यांदा मधेच कुठंतरी त्यांनी खाटेची कड घट्ट धरली. रडल्या नाहीत.

हेडफोन काढून म्हणाल्या, "आता ह्यातलं पूस."

मी पुसलं. पत्र घडी होऊन कनवटीला गेलं आणि चूल पेटली.

गुरुजी आले तेव्हा गालाला तुरटीचा वास होता. स्वारी खुशीत होती. दारातूनच म्हणाले, "काय गं, तुला दाखवलं का हिनं? वाचतंय ना नीट?"

"लई नीट वाचतंय," काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या. "मधलं काय सोडत न्हाई."

गुरुजी खुर्ची चाचपत होते. त्यांचा हात तिथंच थांबला.